भिंतीकडे तोंड केलेला नगारा

हबसाणच्या डोंगराळ मुलखात पहाटेचे धुके दऱ्यांतून वर चढू लागले, की तसफागडाचा माथा तेवढा कोरडा उरे आणि बाकीचा मुलूख पांढऱ्या पुराखाली गडप होई. चारी अंगांनी उभे कडे, माथ्यावर कोसभर लांबीचे सपाट पठार, पठारावर एक दगडी ख्रिस्तमंदिर, पाण्याची दोन टाकी, गवताने शाकारलेली चाळीसेक घरे आणि वर यायला एकच वाट. तीही शेवटच्या शंभर हातांत वाट राहत नसे. तिथे कातडी दोरांची शिडी लागे, आणि ती वर ओढून घेतली की गडावर यायला घारींनाच काय ती मुभा. त्या मुलखाच्या बोलीत तसफा म्हणजे आशा. ज्याच्या अंगात राजरक्त आहे पण बुडाखाली गादी नाही, अशा प्रत्येक पुरुषाला मरेपर्यंत जिथे कोंडून ठेवायचे, त्या गडाला हे नाव देणारा एक तर फार भाविक असावा, नाही तर फार खट्याळ.

रीत जुनी होती. नव्या राजाच्या मस्तकी मुकुट चढला, की त्याचे भाऊ, चुलते आणि पुतणे गड चढत. त्यांना खाण्यापिण्याला तोटा नसे, शिकवायला धर्मगुरू असत, लिहायला चर्मपत्रे असत. नसे ती फक्त शिडी. राजा वारला, की मुलखाचे सरदार आणि महामठाचे अधिपती एकत्र बसून गडावरचा एक जण निवडत, आणि तेवढाच खाली उतरे.

त्या काळी हबसाणच्या सिंहासनावर हब्त-मिकाएल राजा होता. तोही या गडावर अकरा वर्षे काढून खाली उतरलेला. पुढच्या एकोणीस वर्षांत त्याने खालच्या वाळवंटातल्या सुलतानाची फौज तीनदा मागे रेटली, खडक कोरून सात मंदिरे उभारली, दुष्काळात स्वतःच्या छावणीची कोठारे रयतेला मोकळी केली, आणि एवढे करूनही त्या रयतेने त्याचे तोंड वर्षातून तीनदाच पाहिले. कारण तिथला राजा पडद्याआड बसे, पडद्याआड जेवे, आणि पडद्याबाहेर त्याच्या वतीने बोलायला एक अधिकारी असे, त्याला राजमुख म्हणत. राजमुखाने ‘राजा म्हणतो’ असे म्हणून उच्चारलेला शब्द तो राजाचाच शब्द. पडद्यामागे राजा हसतो आहे, कण्हतो आहे की मुळात आहे तरी की नाही, हे बाहेरच्याला कळायला मार्ग नव्हता. पुढे जे घडले त्याची गोम त्या पडद्यातच होती.

गडाचा किल्लेदार केफ्लो साठीला टेकलेला, उंच आणि हाडापेराने मजबूत होता. संशय घेणे ही त्याची नोकरी होती आणि ती त्याने मन लावून केली होती. गडावर येणारी प्रत्येक भाकर तो मोडून पाही, मधाच्या प्रत्येक घागरीचा तळ काठीने ढवळी, आणि शिडीचा एकेक पीळ रोज सकाळी स्वतःच्या बोटांनी चाचपून मगच ती खाली सोडू देई. तीस वर्षांत एकही कैदी त्याच्या हातून निसटला नव्हता. हब्त-मिकाएल गडावर असताना त्याची आई खाली वारली, तिला माती देण्यापुरते तरी जाऊ द्या म्हणून त्याने केफ्लोच्या पायांवर डोके ठेवले, तेव्हाही केफ्लोने शिडी सोडली नव्हती. पुढे तोच राजपुत्र राजा होऊन उतरायला निघाला, तेव्हा आता किल्लेदाराचे मुंडके काही धडावर राहत नाही, असे शिबंदीतल्या पोराटोरांनीही धरून ठेवले होते. शिडीच्या तोंडाशी थांबून नवा राजा एवढेच म्हणाला, "केफ्लो, अकरा वर्षांत तू माझ्यावर एक दिवस विश्वास ठेवला नाहीस. म्हणून तुला इथेच ठेवतो." एवढा मोठा सन्मान आपल्याला आयुष्यात दुसरा मिळाला नाही, असे केफ्लोला मनोमन वाटे.

देवदूत मिकाएलाच्या सणाची सकाळ होती. केफ्लो शिडीचे पीळ चाचपत होता, एवढ्यात बुरुजावरच्या पहारेकऱ्याने धुक्यात भाले दिसतात म्हणून वर्दी दिली. भाले दोनशेच्या आसपास होते आणि त्यांच्यापुढे लाल झुलीचे खेचर चालले होते. लाल झूल म्हणजे राजमुख. केफ्लोच्या कपाळाला पहिली आठी तिथेच पडली. राजमुख गडावर यायचे ते दहा स्वारांनिशी. निरोप सांगायला दोनशे भाले लागत नाहीत.

कड्याच्या कमरेला एक सपाट टप्पा होता, तिथे तो शिडीने उतरला. राजाचा निरोप उघड्या आभाळाखाली, अनवाणी उभे राहून, कमरेपर्यंत उघड्या अंगाने ऐकायचा, अशी त्या मुलखाची रीत. निरोप मेहेरबानीचा असला तर राजमुख ‘वस्त्र घे’ म्हणे आणि ऐकणारा अंगावर शाल ओढून घेई. निरोप रागाचा असला तर तो तसाच उघडा राही, आणि पुढचे काम कोरडा किंवा तलवार करी. केफ्लोने शाल काढून खडकावर ठेवली आणि तो वाऱ्यात ताठ उभा राहिला.

खेचरावरून बिन्याम उतरला. राजाला जिने दूध पाजले त्या दाईचा हा मुलगा, राजाचा दूधभाऊ, एकोणीस वर्षे त्याचे मुख. एरवी आधी हसून मग बोलणारा हा माणूस आज केफ्लोच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होता. डोक्याचे पांढरे फडके त्याने भुवयांपर्यंत खाली ओढून कानांवरून घट्ट आवळले होते.

"राजा म्हणतो," बिन्यामने सुरुवात केली, "केफ्लो, तुझी चाकरी मला पोचली. माझी प्रकृती बरी नाही. माझा पुतण्या यित्बारेक याला मला पाहायचे आहे. आजच्या आज त्याला बेडी घालून राजमुखाच्या हवाली कर. राजा म्हणतो, तुझ्यावर माझी मेहेरबानी आहे, वस्त्र घे."

केफ्लोने शाल घेतली, पण ऊब काही आली नाही. यित्बारेक हा राजाच्या थोरल्या भावाचा मुलगा. नऊ वर्षांचा असताना गडावर आला, आता अठ्ठावीस वर्षांचा होता, आणि उद्या राजाला काही झाले तर सरदार ज्याचे नाव घेतील असा गडावर तो एकटाच होता. राजाला स्वतःचा मुलगा होता खरा, पण दोन वर्षांचा. त्या मुलाचा मामा म्हणजे सरलष्कर मेस्फिन. छावणीची सारी फौज मेस्फिनच्या मुठीत होती, आणि भाचा गादीवर बसला तर मुलूखही त्याच्याच मुठीत जाणार होता. मध्ये आड येणारा एकच माणूस होता आणि त्यालाच आज खाली बोलावणे आले होते.

बिन्यामने कंबरपट्ट्यातून आणखी एक वस्तू काढून केफ्लोच्या तळहातावर ठेवली. निळ्या रेशमाचा दोरा होता तो, त्यात लाकडाचा लहानसा क्रूस. बाप्तिस्म्याच्या दिवशी धर्मगुरू असा दोरा लेकराच्या गळ्यात बांधतो आणि मग तो मरेपर्यंत गळ्यातून निघत नाही. या क्रूसाची उजवी भुजा केफ्लोने स्वतः तासताना थोडी तोकडी केली होती. त्याची एकुलती मुलगी तिर्सित तीन वर्षांमागे राणीच्या डेऱ्यात वस्त्रे विणायला गेली होती, तिचा हा दोरा.

"सरलष्करांनी आठवण म्हणून पाठवला आहे," बिन्याम जमिनीकडे पाहत म्हणाला. "मुलगी खुशाल आहे. आपल्या डेऱ्याशेजारीच त्यांनी तिची सोय केली आहे."

कोणतीही ख्रिस्ती मुलगी हा दोरा आपल्या हाताने काढून देत नाही, हे बिन्यामला ठाऊक होते आणि केफ्लोला ते ठाऊक आहे हेही बिन्यामला ठाऊक होते. केफ्लोने दोरा मुठीत धरला. तोंडावर काही दिसू न देण्याची त्याला तीस वर्षांची सवय होती. त्याने नम्रपणे सांगितले, की आज मिकाएलाचा सण. सणाची प्रार्थना संपेपर्यंत शिडीवरून कैदी उतरत नाही आणि हा नियम खुद्द महाराजांनीही पाळला आहे. शिवाय ज्या देवदूताचे नाव राजा लावतो त्याच्याच दिवशी राजमुख पायथ्याशी येऊन मंदिरात आले नाहीत, हे महाराजांच्या कानावर गेले तर त्यांना काय वाटेल? तेव्हा दोन माणसांनिशी वर यावे, प्रार्थना व्हावी, मग राजाज्ञेप्रमाणे होईल. बिन्यामने खाली उभ्या असलेल्या मेस्फिनच्या नाईकाकडे एकदा पाहिले आणि होकार दिला. नाही म्हणायला त्याच्याकडे सबब नव्हती.

बिन्याम वर येईपर्यंत केफ्लो यित्बारेकच्या घराशी गेला. राजपुत्र ओट्यावर बसून काजळी घोटून शाई करत होता. स्तोत्रांची एक पोथी तो गेली चार वर्षे उतरवून काढत होता. बातमी केफ्लोच्या आधीच येऊन पोचली होती. गडावर भिंतींनाही बोलता येई.

"माझ्या चुलत्याने एकोणीस वर्षांत इथून कोणालाही खाली नेले नाही," यित्बारेक शाईवरून नजर न काढता म्हणाला. "इथून खाली जाणारा एक तर राजा असतो, नाही तर प्रेत. मी राजा झालो असे कोणी मला सांगितलेले नाही. तुमच्या मुठीत काय आहे तेही मला कळले, किल्लेदार. तुमच्या जागी मी असतो तर काय केले असते, ते मला सांगता येत नाही. तुम्ही मला देणार का?"

केफ्लोने आयुष्यात कधी कैद्याला खोटा दिलासा दिला नव्हता आणि तो आजही देणार नव्हता. "अजून ठरले नाही," तो म्हणाला, "राजा जिवंत असेल तर देईन. आज्ञा मोडणारा किल्लेदार मी नाही."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर त्याच्या नावाने निघालेली आज्ञाही जिवंत नाही."

यित्बारेकने मान वर करून त्याला एकदा निरखले आणि पुन्हा शाई घोटायला घेतली. केफ्लो माघारी वळला तेव्हा त्याला एक गोष्ट जाणवली. या पोराने आपल्याकडे जसे पाहिले, तसेच आपण रोज मधाच्या घागरीकडे पाहतो.

मंदिराच्या दाराशी पुरुषांनी पायताणे काढायची आणि डोक्यावरचे फडके सोडून खांद्यावर घ्यायचे. केफ्लो मुद्दामच दारात रेंगाळला. बिन्यामने पायताणे काढली. फडक्याच्या गाठीशी त्याची बोटे अडखळली, पण मागे लोक उभे होते. गाठ सुटली, फडके खाली आले, आणि केफ्लोने बिन्यामची कानशिले पाहिली. दोन्ही बाजूंचे कातडे सोललेले होते. खपल्या ओल्या होत्या, फार तर चार दिवसांच्या.

घरचे माणूस गेले, की शोक करणाऱ्याने करंगळीच्या नखाने स्वतःच्या कानशिलांचे कातडे ओरबाडायचे, ही हबसाणची रीत. थोरामोठ्यांपासून गुराख्यापर्यंत ती कोणाला चुकत नाही. दुःखाच्या पहिल्या झटक्यात हात आपोआप तिकडे जातात. डोके जागेवर येईपर्यंत रक्त निघालेले असते. केफ्लोने बायकोच्या वेळी केले होते ते व्रण अजून त्याच्या कानशिलांवर होते.

"कोण गेले?" त्याने हलकेच विचारले.

"बहीण," बिन्याम म्हणाला आणि आत शिरला.

असेलही. बहिणी सगळ्यांच्याच मरतात. एवढ्यावरून काही ठरवायचे तर केफ्लोने गड केव्हाच सोडायला हवा होता. तो बिन्यामपासून चार हातांवर भिंतीला टेकून उभा राहिला आणि देवाच्या दारात असूनही त्याने देवाकडे पाठच केली म्हणायची, कारण सारी प्रार्थनाभर त्याची नजर एका माणसाच्या ओठांवर होती.

वृद्ध धर्मगुरू अब्बा झकारिया वेदीपाशी होते. धूप चढला, टाळ वाजले, स्तोत्रे झाली. मग जिवंतांसाठी करायची प्रार्थना आली. अब्बांनी दोन्ही हात वर केले आणि राजाचे नाव घेतले, आमचा राजा हब्त-मिकाएल याला दीर्घायुष्य दे, त्याचे शत्रू त्याच्या पायांखाली घाल. सारे मंदिर एका अंगाने वाकले, कपाळे जमिनीला लागली आणि ‘प्रभो, दया कर’ असा एकच गंभीर घोष उठला. बिन्याम वाकला नाही. लांब प्रार्थनेत उभ्याने टेकायला देतात ती काठी दोन्ही हातांनी आवळून तो उभा होता आणि त्याचे ओठ शिवल्यासारखे मिटलेले होते. ज्याने एकोणीस वर्षे या राजाच्या नावाने तोंड उघडले, त्याला त्या राजाच्या आयुष्यासाठी तीन शब्द म्हणता येत नव्हते.

थोड्या वेळाने मृतांसाठी करायची प्रार्थना आली. तीत राजाचे नाव नव्हते. गडावर वारलेले राजपुत्र, जुने धर्मगुरू, पहाऱ्यावर कड्यावरून पडलेले शिपाई यांचीच नावे होती. त्या नावांशी बिन्यामचा काही संबंध नव्हता. पण पहिल्या नावालाच तो पालथा पडला, आणि प्रार्थना संपली, लोक उठले, तरी त्याचे कपाळ दगडावरच होते. अब्बा झकारियांनी वेदीपासून ते पाहिले, मग केफ्लोकडे पाहिले आणि डोळे मिटून घेतले.

मंदिराच्या पडवीत केफ्लोने त्याला गाठले. बिन्यामची दोन माणसे शिबंदीने बोलण्यात गुंतवून टाक्याकडे नेली होती. पडवीत ते दोघे आणि अब्बा झकारिया असे तिघेच होते, आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेला एक भला मोठा नगारा.

"राजमुख," केफ्लो म्हणाला, "या मंदिराच्या सावलीत एकदाच म्हणा, की राजा जिवंत आहे. मी याच पावली यित्बारेकला बेडी घालतो."

बिन्यामने फडके पुन्हा कानशिलांवर ओढून घेतले. मग म्हणाला, "मला क्रूसावर हात ठेवून शपथ घालण्यात आली आहे, किल्लेदार. राजा जिवंत आहे असे मी इथे म्हणणार नाही. नाही असेही म्हणणार नाही. मला विचारू नका." आणि तो पुढे म्हणाला, "यित्बारेकच्या केसालाही धक्का लागणार नाही असे सरलष्करांनी मला वचन दिले आहे."

"तुमचा विश्वास बसला?"

"बसवून घेतला."

त्याने मग सावकाश, जणू दुसऱ्याच कोणाचा निरोप सांगावा तसे सांगितले, की संध्याकाळपर्यंत राजपुत्र पायथ्याशी आला नाही, तर नाईकाचा स्वार छावणीकडे सुटेल. छावणी एका दिवसाच्या वाटेवर आहे. सरलष्करांनी तिर्सितविषयी काय ठरवले आहे ते त्याने उच्चारले नाही आणि केफ्लोनेही विचारले नाही.

अब्बांनी केफ्लोला बाजूला घेतले. एका माणसाचे मौन म्हणजे मरणाचा दाखला नव्हे, ते म्हणाले. राजा आजारी आहे, आजारी माणूस संशयी होतो, आणि हा तर जन्माचा संशयी. किल्लेदार आज्ञा पाळतो की नाही हे पाहायला त्यानेच हा डाव मांडला नसेल कशावरून? केफ्लोच्या मनातही अगदी तेच घोळत होते. असा डाव हब्त-मिकाएल नक्की मांडू शकला असता. गडाने त्याला अकरा वर्षे तेच शिकवले होते, आणि शिकवणारा केफ्लोच होता.

त्याने नगाऱ्याकडे पाहिले. एकोणीस वर्षांमागे, जुना राजा वारला तेव्हा, तो शेवटचा वाजला होता. बारा ठोके, संथ. तो वाजला की आसपासच्या टेकड्यांवरचे नगारे ते ठोके उचलत आणि राजा गेल्याची बातमी दिवसभरात मुलखाच्या टोकाला पोचे. त्या क्षणापासून मृत राजाच्या नावाने निघालेली प्रत्येक आज्ञा रद्द होई, आणि सरदार व महामठाधिपती मिळून येईपर्यंत शिडी कोणासाठीही खाली पडत नसे. पण राजा हयात असताना जो त्या नगाऱ्याला हात लावील, त्याचे घरदार, मूलबाळ, गोतावळा सगळ्यांचा शिरच्छेद, असा कायदा होता. म्हणून तर त्याचे तोंड भिंतीकडे केलेले.

मेस्फिनची सारी मदार गुप्ततेवर होती. पडदा जागेवर होता तोवरच राजा जिवंत होता. पडदा फाटला तर सरदार आपापल्या फौजांनिशी निघतील आणि मेस्फिनचा डाव तिथेच संपेल, हे केफ्लोला स्वच्छ दिसत होते. नगारा वाजला की मेस्फिनचा पहिला राग कोणावर निघेल, हेही त्याला तितकेच स्वच्छ दिसत होते. यित्बारेकला खाली दिले तर तिर्सित वाचेल. तिच्यासाठी तीस वर्षांची चाकरी मातीत घालायला तो एका पायावर तयार होता. पण चाकरी त्याची होती, मान यित्बारेकची होती, आणि दुसऱ्याची मान देऊन आपले लेकरू सोडवायचा हक्क आपल्याला कोणी दिला, याचे उत्तर त्याला सापडत नव्हते.

त्याने निळा दोरा मनगटाला गुंडाळला. मग अंगावरची शाल काढून, राजाचा निरोप ऐकताना राहावे तसा कमरेपर्यंत उघडा होऊन, त्याने नगाऱ्याला खांदा लावला. नगारा जड होता, वळता वळत नव्हता. आणखी दोन हात येऊन लागले तेव्हा तो वळला. ते हात बिन्यामचे होते. शपथ बोलण्याची होती. नगारा वळवण्याविषयी तीत काही म्हटलेले नव्हते.

पहिला ठोका पडला आणि गडावरची माणसे होती तिथे थिजली. दुसऱ्याला खाली भाल्यांमध्ये गलबला उठला. तिसऱ्याला केफ्लोला तिर्सित आठवली, लहानपणी गवताच्या काड्यांचा माग करून विणत बसणारी. त्यानंतर प्रत्येक ठोक्याला तीच आठवत राहिली, आणि तरीही त्याने बाराच्या बारा ठोके सारख्या अंतराने टाकले. शेवटचा ठोका विरतो न विरतो तोच उत्तरेच्या टेकडीवरून पहिले उत्तर आले, मग पश्चिमेकडून, मग दूर खोऱ्यातून. बिन्याम पडवीच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडत होता. आता त्याला कोणी काही विचारण्याची गरज राहिली नव्हती.

खालच्या दोनशे जणांना राजा आजारी आहे एवढेच सांगितलेले होते. त्यांतले बहुतेक त्याच्याबरोबर वाळवंटात लढलेले होते. त्यांनी भाले जमिनीवर टाकले, कानशिले ओरबाडली आणि दुपार कलायच्या आत वाट फुटेल तिकडे आपापल्या गावांकडे पांगले. नाईक मात्र घोड्याला टाच मारून छावणीकडे सुटला. केफ्लो त्याची धूळ दिसेनाशी होईपर्यंत बुरुजावर उभा होता.

पुढचे सारे लवकर घडले. नगारा वाजला त्याच्या चार दिवस आधीच हब्त-मिकाएल राजा तापाने वारला होता आणि मेस्फिन त्याच्या पडद्यापुढे रोज जेवणाची ताटे पाठवत होता, हे मुलखाला कळले. सरदार फौजांनिशी निघाले, महामठाधिपती आले, मेस्फिन वाळवंटाकडे पळाला आणि सुलतानाच्या आश्रयाला जाऊन राहिला. बाराव्या दिवशी यित्बारेक शिडी उतरला. जाताना त्याने केफ्लोला मिठी मारली.

अठराव्या दिवशी तिर्सित आली. नगाऱ्याची बातमी छावणीत पोचली त्याच दिवशी तिला मारायचा हुकूम सुटला होता. राणीच्या एका म्हाताऱ्या दासीने तिला लोकरीच्या गठ्ठ्यांत दडवले, आणि धावपळीत तिचा शोध घ्यायला कोणाला सवड झाली नाही. शिडी चढून ती बापासमोर उभी राहिली. केफ्लोला तिला जवळ घ्यायचे होते, पण तिच्या डोळ्यांनी त्याला होता तिथेच थांबवले.

"बाबा," तिने विचारले, "नगारा वाजवताना मी आठवले होते?"

"हो. प्रत्येक ठोक्याला."

तिने मान हलवली. त्यानंतर ती बापाची भाकर करी, पाणी भरी, पण बोलत नसे. केफ्लोने निळा दोरा तिच्यापुढे ठेवला तेव्हा तिने तो उचलून कोनाड्यात ठेवला, गळ्यात घातला नाही.

महिन्याने पुन्हा लाल झुलीचे खेचर आले. नव्या राजाने बिन्यामला राजमुख म्हणून कायम ठेवले होते. वेदीसमोर ज्याला खोटे बोलता येत नाही असे मुख दुसरे कुठे मिळणार? या वेळी स्वार दहाच होते. केफ्लो टप्प्यावर उतरला, शाल काढून उभा राहिला. आज त्याच्या मागोमाग तिर्सितही शिडी उतरून आली होती.

"राजा म्हणतो," बिन्याम म्हणाला, "केफ्लो, माझा श्वास चालू आहे तो तुझ्यामुळे. सरोवराकाठची तीन गावे तुला आणि तुझ्या वंशाला जहागीर दिली. राजा म्हणतो, हब्त-मिकाएल राजाच्या मरणाचा पुरावा नसताना एका माणसाच्या मौनावरून तू नगारा वाजवलास. तुझा अदमास खरा ठरला. पण माझ्या हयातीत माझ्या मरणाचा अदमास करणारा माणूस मला त्या नगाऱ्यापाशी नको. आज सूर्य मावळायच्या आत गड सोड आणि पुन्हा त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात येऊ नकोस." बिन्यामने खडकावरच्या शालीकडे पाहिले. "राजा म्हणतो, ही मेहेरबानी आहे, वस्त्र घे."

वर गडावर शिडीचे पीळ वाऱ्याने खडकाला घासत होते. केफ्लोने त्या आवाजाकडे थोडा वेळ कान दिला.

"राजाला सांगा, त्याने ठीक केले," तो शेवटी म्हणाला. "त्याच्या जागी मी असतो तर हेच केले असते. नऊ वर्षांचा आला होता. माझ्याच हाताखाली वाढला."

पण खडकावरची शाल उचलायला त्याचा हात काही पुढे झाला नाही. साठ वर्षांचे ते उघडे अंग थंडीने शहारत होते आणि राजमुख, दहा स्वार, वरून पाहणारी शिबंदी, सगळे वाट पाहत होते. तेव्हा तिर्सित पुढे झाली. तिने शाल उचलून बापाच्या खांद्यांवर घातली, दोन्ही टोके पुढे आणून नीट केली. मग कमरेच्या ओच्यातून तिने निळा दोरा काढला, त्याच्या हातात दिला आणि त्याच्याकडे पाठ करून मान खाली झुकवली.

केफ्लोची बोटे तीस वर्षे दोरांचे पीळ चाचपत आली होती, तरी ती एवढीशी गाठ मारायला त्यांना फार वेळ लागला.